गुणगुण

एकतीस वर्षं आमच्या घराला एक आवाज होता.
लग्न होऊन आले त्या पहिल्या रात्री मी विचारलं,
हे काय वाजतंय?
गेझा म्हणाला, काही नाही, गॅस चाललाय.
जणू कुणी पाहुणा फाटकाशी बूट चढवत होता.

कुठून चाललाय, ते गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं:
सैबेरियातून, हजारो किलोमीटर जमिनीखालून,
आमच्या बीटच्या शेतांना न विचारता.
कुठे, तेही ठाऊक होतं: व्हिएन्नाच्या बायकांच्या आंघोळीला,
पावांच्या भट्ट्यांना, काचेच्या कारखान्यांना.
आमच्या गल्लीत नळी यायला मात्र आणखी सहा वर्षं गेली.
दिव्याखाली अंधार म्हणतात,
आमचा कंप्रेसरखाली होता.

गेझा रात्रपाळीला टर्बाइनकडे कान लावून बसायचा.
सूर अर्ध्याने उतरला की त्याला कळायचं,
सीमेपलीकडे कुणीतरी चावी फिरवली.
मंत्र्यांना सकाळी कळायचं.
एकदा जानेवारीत आवाज बसला, चांगला दोन आठवडे.
झ्लातित्सा नऊ वर्षांची. तिला दोन कोट घालून निजवलं.
मग आवाज परत आला
आणि आम्ही ते कोट कपाटात टांगले.
विसरणं तेव्हा स्वस्त होतं,
करार लांबलचक होते.

यंदा नव्या वर्षाच्या पहाटे तो पुन्हा थांबला.
शांततेनेही माणूस दचकून उठतं, हे मला ठाऊक नव्हतं.
गेझा अंथरुणात बसलेला,
दोन्ही तळवे गोधडीवर उताणे.
चहा टाकू का, विचारलं,
तर म्हणाला, थांब, ऐकू दे.

घर थंड पडलं नाही, हे सांगायला हवं.
गॅस आता मागच्या दाराने येतो, पश्चिमेकडून, उलटा,
आणि बिल तेवढं पुढच्या दाराने.
टीव्हीवर एक बाई नकाशावर बाण काढत होती:
एक नॉर्वेचा, एक अझरबैजानचा,
एक जहाजाचा, गारठवून गारठवून पातळ केलेल्या गॅसचा,
अख्खा अटलांटिक ओलांडून येणारा.
सगळे बाण बाहेरून आत.
दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याची
ओंजळ बदलते फक्त.
मी आवाज बंद केला. बाई बाण काढत राहिली.

शेजारच्या बेर्तालनने जर्दाळूचं झाड तोडलं, चुलीसाठी.
ओलं लाकूड. तीन आठवडे नुसता धूर.
त्याच्या सुनेने छपरावर पॅनेल बसवली
तेव्हा तो खाली उभा राहून ओरडत होता,
डिसेंबरात काय चाटायची आहेत का ती?
मेमध्ये मीटर उलटा फिरला,
तर हा खुर्ची टाकून मीटरसमोर बसला, दुपारभर.

झ्लातित्सा आता कोशित्सेजवळ विहीर खणते.
पाण्यासाठी नाही, उष्णतेसाठी. दोन किलोमीटर खोल.
ईस्टरला आली ती बाटली घेऊन,
पाणी निवलेलं, खारट, उकडलेल्या अंड्याच्या वासाचं.
गेझाने बाटली उजेडात धरली.
हे कुठून येतं?
कुठून येत नाही, बाबा. इथेच असतं.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, आणि खणायचं पातं?
टेक्सासचं.
व्हॉल्व्ह?
चीनचे.
पैसे?
ती हसली. मग तोही हसला,
जानेवारीनंतर पहिल्यांदा,
इतका की त्याला खोकला लागला.

विहिरीचं काम सध्या थांबलंय. कसलीशी परवानगी अडलीय.
बाटली खिडकीत आहे, बुचाभोवती मिठाची पांढरी कड.
स्टेशनवर चौघंच उरलेत, गेझा त्यांतला एक,
रंग देतात, गवत कापतात, पात्यांना तेल लावतात.

काल रात्री मला जाग आली.
तो झोपेत गुणगुणत होता,
ओठ मिटून, त्याच जुन्या सुरात.
त्याच नाही.
अर्ध्याने खाली.
एवढं आता मलाही कळतं.